मागचं दार

साहर बोकारी पहिल्यांदा यार्डात आला तेव्हा
त्यानं इंजिन पाहिलंच नाही.
बॉनेट उघडून ताटकळलेला कुंजुमोन,
हातात फडकं, जिभेवर तयार किंमत,
आणि हा उंचच उंच माणूस
बसला वळसा घालून थेट मागे गेला.
इमर्जन्सीच्या दाराचा लाल दांडा ओढला.
हलेना.
'हे आधी,' म्हणाला, 'बाकीचं मग.'

आम्ही हसलो.
शारजातल्या शाळेची बस ती,
अकरा वर्षांत ते दार कुणी उघडलं नव्हतं.
रंगावर रंग चढून भिंतच झाली होती त्याची.
वहीत मी लिहिलं : तीन नंबर, पिवळी,
दार दुरुस्ती वीस दिरहम.
हाजींना वीसही जड गेले.

वर्षभरानं तिकडची उधारी थकली
आणि हाजी म्हणाले, शिर्के, तूच जा,
तुझ्यामागे रडायला कोण आहे?
असं मी सिएरा लिओन पाहिलं.

फ्रीटाउनच्या स्टँडवर उभी होती आमची तीन नंबर.
बाजूवर अरबीत शाळेचं नाव तसंच,
काचेवर माझ्याच हातचा खडूचा तीन, अर्धा पुसलेला.
परमुलखात गावचं माणूस भेटावं तसं झालं मला.
सांगणार कुणाला?

छत्तीस सीटांवर साठ माणसं.
माझ्या शेजारी एक म्हातारी,
मांडीवर शिलाई मशीन, लेकरासारखं धरलेलं.
लाल रस्ता. छपरं नसलेली घरं,
खिडकीतून बाहेर डोकावणारं झाड,
आणि लगेच पलीकडे नवा कोरा पत्रा,
इतका लखलखीत की डोळे मिटावेत.
कंडक्टरनं एका माणसाला सुटे पैसे दिले,
म्हणजे न विचारता त्याच्या खिशात घातले
आणि खिशाचं बटण लावून दिलं.
मी दुसरीकडे बघितलं.

मग एका वळणावर आडवी दोरी.

बस गप्प झाली.
गप्प म्हणजे कशी,
पायाशी बांधलेल्या कोंबड्यांचाच तेवढा आवाज.
म्हातारीनं चपला काढून हातात घेतल्या.
शेवटच्या सीटवरच्या पोरसवद्या माणसाचा हात
लाल दांड्यावर गेला.
साहर पुटपुटला,
'खड्डे बुजवतात पोरं. पैसे मागतात. एवढंच.'
मला सांगत होता की स्वतःला, कळलं नाही.

खरंच पोरंच होती. फावडी, घमेली, उघडी पोटं.
ड्रायव्हरनं नोट टाकली, दोरी खाली पडली.
मैलभर कुणी बोललं नाही.
मग कुणीतरी कसाव्याचा भाव काढला
आणि सगळी बस एकदम भांडायला लागली.
दांड्यावरचा हात मात्र
पुढचं गाव येईस्तोवर तिथेच.

रात्री जेवताना साहर म्हणाला,
'तेव्हाच्या आमच्या बसलाही मागे दार होतं.'
ताटात मीठ घेतलं.
'उघडत नव्हतं.'
आणि भात कालवत राहिला.

परवा गुरुवारी तो परत येतोय.
यार्डात ऑगस्ट आहे,
पत्र्याला बोट लावलं तर कातडी सोलते.
असरची अजान झाली, सावली थोडी लांबली,
तसा मी पातं घेऊन बिजागऱ्या खरवडायला बसलो.
पिवळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली पांढरा.
कुंजुमोन विचारतो, तुला कुणी सांगितलं?
तेल सोडलं. लाथ घातली. पुन्हा तेल.
किंचाळून उघडलं एकदाचं,
आणि गरम वारा आत आला,
कुंपणापलीकडून हायवेचा घरघराट.

मी शेवटच्या सीटवर बसून
ते लावलं, उघडलं, लावलं, उघडलं.
मग खाली वाकून पाहिलं.
जमीन चांगली चार फूट लांब.
म्हातारी असेल तर? मांडीवर मशीन असेल तर?

वहीत लिहिलं : सात नंबर, पांढरी,
मागे लोखंडी पायरी, एक.
किमतीचा रकाना कोरा ठेवला.
हाजी विचारतील तेव्हा बघू.