उतरायला शिकताना

एकतीस वर्षं माइमूने बावीस नंबरची बस चालवली
तार्तू शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत
आणि मधल्या एकाही थांब्यावर ती कधी उतरली नाही.
दारं उघडायची. दारं मिटायची.
आरशात लोकांच्या पाठी तेवढ्या दिसायच्या,
मफलर, टोप्या,
एकदा पिशवीतून मान काढलेला जिवंत हंस.
तो कुठे उतरला, तेही तिला आठवत नाही.

हे तिनेच मला सांगितलं, जिन्यात,
बुटांच्या नाड्यांची गाठ सुटत नव्हती तेव्हा.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या मंगळवारी
ती तिसऱ्या रांगेत बसली, तिकीट काढून.
प्रत्येक वळणावर उजवा पाय
नसलेला ब्रेक दाबत राहिला.
मग पहिल्याच थांब्यावर उतरली.
तिथे काही नव्हतं.
म्हणजे एक भिंत होती, साबणाच्या बंद कारखान्याची,
आणि भिंतीला नाक लावून उभा एक म्हातारा, हातात भिंग.
माइमू जवळ गेली तर म्हणाला,
"जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय."
वीतभर भिंतीवर शेवाळाच्या अकरा जाती.
त्याने एकेकीचं नाव सांगितलं,
घरातल्या लेकीसुनांची सांगावीत तसं.
शहरातल्या प्रत्येक लाल दिव्याचे सेकंद तिला पाठ होते;
हिरवा मात्र आजवर
ती एकच रंग समजत आली होती.

तेव्हापासून दर मंगळवारी एक थांबा.
चौथ्यावर ग्रंथालयाच्या तळघरात बुद्धिबळ होतं.
हेर्टा नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीने
तिला बाराव्या खेळीत मात दिली
आणि वर सल्ला दिला, "वजीर लवकर बाहेर काढू नये."
सहाव्यावर नुसता पाऊस.
बंद लाँड्रीच्या छपराखाली उभं राहून
तिने डब्यातला काळा पाव खाल्ला आणि परतली.
वहीत त्याचीही नोंद आहे:
"काही नाही. पाव चांगला होता."

ती वही मी चाळली आहे.
अक्षर बसच्या धक्क्यांनी हललेलं.
नवव्या थांब्यापुढे फक्त एक शब्द, "भीती",
आणि खाली, दुसऱ्या शाईने, "थोडी."
नदीत बर्फाला पाडलेल्या चौकोनात
गळ्यापर्यंत बुडून आली होती त्या दिवशी.

शेवटचा थांबा तिने मुद्दाम लांबवला होता.
तो तर तिचाच. तिथे प्रत्येक फेरीनंतर आठ मिनिटं
इंजिन बंद, थर्मास, समोर पाइनची रांग.
हिशेब केला तर साडेसात महिने
ती त्या झाडांसमोर बसली असेल
आणि मागे जंगल आहे, असं धरून चालली असेल.

जंगल दहा पावलांत संपलं.
पलीकडे क्षितिजापर्यंत दलदल,
बुटकी झाडं, कोऱ्या चहाच्या रंगाची तळी.
युल्ले नावाच्या बाईने तिच्या पायांना जाळ्या बांधल्या,
बदकाच्या पंजासारख्या पसरट,
आणि म्हणाली, "चाला. जमीन डुलेल. डुलू द्या."
जमीन डुलली.
गुडघाभर आत गेला एक पाय; बाहेर निघाला तो मोज्याविनाच.
शेवाळ दिसलं. त्यातल्या दोघींना
तिने नावाने हाक मारली.
पहिल्या गारठ्याने गोडावलेली लाल बोरं
ती एवढी आंबट होती की दोघी हसत सुटल्या.

परतीच्या बसला रास्मुस होता, तिनेच शिकवलेला पोरगा.
चिखलाचं पाऊल पायरीवर उमटलं,
तो काही बोलला नाही. मग आरशात बघून विचारलं,
"आता थांबे संपले. पुढच्या मंगळवारी काय?"
"येताना दुसऱ्या बाजूला थांबतोस ना तू," माइमू म्हणाली,
"ते कुठे पाहिलेत मी?"

गाठ शेवटी सुटली नाही.
मी वरून कात्री आणली.
तिने माझ्या बुटांकडे पाहिलं,
कोरडे, दाराशी नीट लावून ठेवलेले,
आणि विचारलं, "माप काय गं तुझं?"