तवंग

महालात, बडकस चौकाच्या आतल्या गल्लीत
माझं चष्म्याचं दुकान.
डोमाजी वलथरे आले तेव्हा
अक्षरांची पाटी मी लावलीच नाही.
तीन पायांच्या आकड्यांची लावली:
तोंड कुठल्या बाजूला, बोटानं दाखवा.
दुसऱ्या ओळीपाशी बोट थांबलं.
"धुकं हाय जी.
पन पान्यात दिसते मले.
मासा उजेडात नसते, सावलीत असते."

दोन्हीकडे मोतीबिंदू पिकलेला.
मी कागदावर तसं लिहिलं,
मेडिकलमधली खिडकी समजावली
आणि मग उगाचच म्हणालो,
आमच्या वेंगुर्ल्याला मामा असेच बघायचे.

होडीच्या नाळेवर उभे, डोक्याला ओला पंचा,
हातात गळ, पण न टाकलेला.
किनारा हाकेवर.
बोयाखालून, कधी कासवाच्या मागोमाग
एक तपकिरी लाकूड वाहत यायचं
आणि लाकडाला शेपूट फुटायची.
मोदुसा.
आपण त्याला शोधत नाही रे, मामा म्हणायचे,
तोच होडी बघायला येतो.
मी बारा वर्षांचा. मला नुसतं ऊन दिसायचं.

डोमाजींनी सगळं ऐकून घेतलं.
"मंग येता का आयतवारी?"

भादव्यातलं ऊन. हिंगण्याच्या पुढची बोडी.
सूर्य पाठीशी घ्यायचा,
बांधावर पाय आपटायचा नाही,
बोलायचंच तर हनुवटी छातीला लावून.
माझ्या डोळ्यांवर दुकानातला सगळ्यात महाग चष्मा,
पाण्याची चकाकी पुसून टाकणारा.
मला तळाचा गाळ दिसत होता,
शिंगाड्याची मुळं,
कुणाची तरी बुडालेली चप्पल.
मासा नाही.

"थे पाय. मरळ."

बोट वेलींमधल्या मोकळ्या जागेकडे.
तिथं पाण्यावर तांबूस काहीतरी,
थाळीएवढं,
सावजीच्या रश्श्यावर येतो तसा तवंग,
मधूनमधून शिजल्यासारखा बुडबुडणारा.
त्याच्याखाली मनगटाएवढी जाड
काळपट सावली.
हलत नव्हती.

तवंगाबद्दल मी बोललो नाही.
शहराजवळचं पाणी, असेल कसलं तरी तेल.
त्यांना तर तो दिसतच नव्हता,
वरचं सगळं धुकं.

बेडकी लावलेला गळ हवेत वळला.
"जरा उजवीकडे," मी म्हणालो.
एवढंच माझं काम त्यात.
एवढं, पण होतं.

पाणी फुटलं.
दीड किलोची मरळ बांधावर येऊन आपटली
आणि तिच्यामागे तवंगाचे तुकडे झाले,
शंभर, हजार,
प्रत्येक तुकड्याला डोळे.
सांडलेल्या तिळांसारखे ते
वेलींखाली गेले.
तेवढ्यात पलीकडच्या काठाशी
दुसरं काही पाणी ढवळू लागलं.

जबड्यातून गळ सोडवता सोडवता
डोमाजींनी मान वर केली.
"वर लाल होतं का जी पानी?
लाल असन तं आमी टाकत नाई.
पोट्टे रायते तिचे."

मी चष्मा काढला. पुसला.
म्हणालो, नव्हतं.

अर्धी मरळ त्यांनी कागदात बांधून मला दिली,
डोक्याकडची.

दिवाळी झाल्यावर ते दुकानात आले.
दोन्ही डोळे झालेले,
एकावर अजून थोडी लाली.
पाटीच्या शेवटच्या ओळीपर्यंत बोट चालत गेलं,
एकही चूक नाही.
मी फ्रेम कानांमागे बसवली,
आरसा पुढे केला.
आरशात त्यांनी पाहिलंच नाही.
दारातलं ऊन पाठीशी येईल
इतके सरकले,
पाय न वाजवता,
आणि हनुवटी छातीला लावून
माझ्याकडे बघत राहिले.

मी हललो नाही.