चार वर, सात आडवे

लक्ष्मीपुरीतल्या त्या हॉलात बोलायचं तर
कानाशी तोंड न्यावं लागायचं.
सकाळी गुळाचे सौदे सुटले की
रॅकच्या रॅक उठायच्या,
पत्र्यावर हरभरे ओतल्यागत.

इलाही मुजावर, माझे सीनियर,
डोळे मिटून सांगायचे,
"तिसऱ्या रॅकचा अकरावा लंगडतोय बघ."
जाऊन बघावं तर वायपर
केसाएवढा वाकलेला.

चार फिरवला की सिलेक्टर चार पायऱ्या चढायचा,
सात फिरवला की सात घरं आडवा,
आणि उत्तरेश्वर पेठेत कुणाच्या तरी
माजघरात घंटा.
नंबराला तेव्हा उंची होती, रुंदी होती.

पुरात केबल भिजली की
पाणीच फोन उचलायचं
शुक्रवार पेठेतनं, कुलपं लावलेल्या घरांतनं.
यंत्र बिचारं डायलटोन देत उभं,
पलीकडून एक आकडा येईना.

रात्रपाळीला दोनच्या पुढं सगळं गाव खाली उतरलेलं.
बॅटरीखोलीचा आंबट वास, किटलीत गार चहा.
आणि मध्येच एकटाच एखादा खर्रकन चढायचा.
"सीपीआरला लागला," मुजावर पुटपुटायचे,
आणि तो खाली पडेस्तोवर
बिडी ओढायला बाहेर जायचे नाहीत.

मग ती मार्चातली रात्र.
नवं यंत्र शेजारी, काचेमागं, गारव्यात, मुकं.
पुण्याचे साहेब मनगटाकडं बघत.
फ्यूजांना बांधलेल्या दोऱ्या आमच्या हातात.
बारा वाजले.
मुजावरांनी बोट वर केलं.

एक अजून चढलेला होता.
चार वर, सात आडवा.

"ओढा," साहेब म्हणाले.
"बोलणं चाललंय," मुजावर म्हणाले.

नऊ मिनिटं.
बावीस माणसं, हातात दोरी,
कुणाचं तरी बोलणं संपायची वाट बघत.
म्हैस व्याली असेल, मुलगी पसंत पडली असेल,
नाहीतर नुसतंच, जेवलास का, झोप आता.
मग तो पडला. ठक्.
"आता ओढा."

शिंत्रेनं नंतर विचारलं, कोण होतं हो?
"आपल्याला काय करायचंय?"
मुजावर हे ओरडूनच म्हणाले, नेहमीसारखे,
आणि दचकले.
हॉलभर त्यांचाच आवाज.
तेव्हा पहिल्यांदा कळलं,
आम्ही सगळे किती मोठ्यानं बोलतो ते.

भंगार उद्यमनगरात किलोवर गेलं.
सून अजून म्हणते,
मामा, हळू बोला की जरा,
मी इथंच आहे.