दोन किलो सातशे

रात्रपाळी संपताना एकदा
बाळांच्या काट्यावर मी माझी होडी ठेवली.
घडी घातलेली, पट्ट्याने आवळलेली, केशरी.
दोन किलो सातशे.
औलिक्की चष्म्यावरून बघत म्हणाली,
"जरा अशक्त आहे. पण चालेल, घरी न्या."
मग तिने काटा स्पिरिटने पुसला,
दोनदा.

बस आहे की. सहा दहाची.
कल्लावेसीला अख्खा वळसा घालून बेचाळीस मिनिटं,
आणि चढता चढता ड्रायव्हर विचारतो,
"आज किती?"
तीन, म्हणायचं. किंवा पाच, त्यात एक जुळं.
एका सकाळी मला आकडा सांगता आला नाही.
त्या महिन्याच्या पगारात होडी आली.

पंप नसतो हिला, पिशवी असते.
पिशवीचं तोंड वाऱ्याकडे धरायचं,
वारा नसेल तर आपणच गोल फिरायचं
धक्क्यावर, पहाटे, नर्सच्या बुटांत,
आणि सापडेल तेवढी हवा मुठीत पिळून
आत ढकलायची.
पंधरा पिशव्या. सोळाव्याला सुरकुत्या जातात.
शेवटचं, ताठ होण्यापुरतं, तोंडाने.
तेव्हा मी काही मोजत नाही.
रात्रभर मोजलेलं असतं.

समोरच्या काठावर रेइनो.
त्याचं मत: ही होडी नव्हे, उशी.
त्याची स्वतःची पाइनची, डांबराचा वास मारणारी,
आजोबांनी बांधलेली,
घोड्यांवर पालथी पडून आहे.
ती सुलटी करायला दोन माणसं लागतात.
हेल्वीला जाऊन तीन वर्षं झाली.

जूनमध्ये इथे रात्र नुसती नावाला.
त्या दिवशी पाणी इतकं सपाट होतं
की वल्हं घालायचीही लाज वाटावी.
मधोमध आल्यावर ऐकू आलं:
सूं.
कुणाचा तरी हरवलेला गळ
बसल्या बसल्या मीच बरोबर आणला होता.

खिशात चिकटपट्टी होती, दवाखान्याची.
ओल्यावर ती चिकटत नाही, हे मला कुणी शिकवायला नको.
म्हणून भोकावर अंगठा.
उरलेल्या एका हाताने वल्हवलं
तर होडी स्वतःभोवतीच फिरते.
मी फिरले. घर दिसलं, दवाखाना दिसला,
घर, दवाखाना,
मांडीखाली पाणी गार होत गेलं
आणि मला हसू यायला लागलं, एकटीला, मोठ्याने.
मग पालथी झाले, पाय बाहेर काढले
आणि बेडकासारख्या लाथा मारत निघाले.

हसणं पाण्यावरून लांब जातं.
रेइनो सॉनाच्या झग्यात धक्क्यावर आला.
ओरडला नाही, काही नाही.
परत गेला, पाचोळा ओढायचं दाताळं घेऊन आला,
झग्यासकट कमरेपर्यंत पाण्यात उतरला
आणि मला
ऑक्टोबरातल्या पानांसारखं
ओढून घेतलं.

सायकलच्या ट्यूबचा तुकडा, सोल्युशन, सांडशीचा दाब.
"उशीला ठिगळ," एवढंच बोलला.
झग्यातून पाणी गळत होतं, तिकडे त्याचं लक्ष नव्हतं.

पुढच्या पाळीला पुन्हा काट्यावर.
दोन किलो सातशे दहा.
"बाळसं धरतंय," औलिक्की म्हणाली.

रविवारी मी ती गवतावर वाळत घातली होती, फुगवून.
रेइनो कुंपणापाशी घुटमळला.
ठिगळ बघायला आलोय, म्हणाला.
अंगठ्याने दाबलं, वास घेतला.
मग इकडेतिकडे बघून
एक पाय आत टाकला, दुसरा टाकला,
बसला.
गुडघे कानांपाशी, चपला तशाच पायात.
वल्हं उचललं,
हवेत मारलं एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे.

मी कॉफी ठेवायला आत गेले.
दूध नव्हतं, ते शोधण्यात वेळ गेला.
खिडकीतून पाहिलं
तर तो अजून
अर्ध्या तळ्यातच होता.