तीनावर खूण

धाकट्या मालकांनी मला बोलावलं तेव्हा
वेंगुर्ल्याच्या त्या काजू कारखान्यात
दिवसाला बावीस किलो गर कमी पडत होता.
त्यांनी बाकडी फिरवून घेतली होती शाळेसारखी,
सगळ्यांची तोंडं भिंतीकडे.
गप्पा कमी, काम जास्त.
गप्पा कमी झाल्या.

मी प्रश्नावली वाटली. चाळीस विधानं.
एक म्हणजे मुळीच नाही, पाच म्हणजे पुरेपूर.
नाव लिहू नका, म्हटलं, कुणाला कळणार नाही.
कागद परत आले
तर प्रत्येकावर चिकाचा काळा अंगठा,
नावापेक्षा ठळक.
आणि एकोणतीस बायकांचं एकच उत्तर.
माझ्या कामाची कदर होते: तीन.
मला इथे निर्धास्त वाटतं: तीन.
हे विधान नीट वाचलं असेल तर पाचवर खूण करा:
तीन.

रोझालीन सोज बोटांना राख चोळत म्हणाली,
"पाचार केली तर पगार वाढाचो नाय,
एकार केली तर आमीच रवूचव नाय.
तीन बरो. भरती नाय, सुकती नाय."

मग कागद पिशवीत घातले आणि बाकड्यावर बसले.
चार दिवस. माझे सगळे तुकडेच निघाले,
अख्खे गर मोजून अकरा.
हसल्या त्या, पण भिंतीकडे बघून.

चौथ्या दिवशी कळलं.
बाकडी समोरासमोर होती तेव्हा
कुणाच्या सुनेचं, कुणाच्या म्हशीचं बोलता बोलता
एखादी मूठ पलीकडे सरकायची
दुलसीनच्या टोपलीत.
तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
सहा किलो भरले नाहीत तर घरी बसवतात.
भिंतीकडे तोंड करून मूठ सरकत नाही.
मग सगळ्यांचेच हात जड झाले.
असं कुणी ठरवलं नव्हतं.
एकटी तिचीच टोपली हलकी दिसू नये,
एवढंच.

माझ्या शास्त्रात याला नाव आहे.
अहवालात ते लिहिलं, खोडलं,
आणि लिहिलं:
बाकडी पुन्हा समोरासमोर लावावीत.
कारण, उजेड.

थोरल्या मालकांनी चष्मा काढून वाचलं.
"उजेड," म्हणाले,
आणि मांडवीच्या खाडीकडची खिडकी बघत राहिले.
"तो दोनय बाजूंनी सारखोच येता गे."
मग सही केली.
"दुलसीनीक खिडकीकडे बसवा."

ते नाव मी कुठेच लिहिलं नव्हतं.

धाकट्यांनी विचारलं,
कोण दुलसीन?