बत्तीस जोड्या

अंबडच्या एमआयडीसीत आमची पंपांची कंपनी.
मेलचा सर्व्हर राहतो पॅकिंगच्या जुन्या खोलीत.
त्याला एसी, मला पंखा.
दोन वर्षं त्याचं दार आम्ही सताड उघडं ठेवलं,
कारण सुरगाण्याच्या सेंटरला मेल लागायचा,
कळवणला लागायचा,
आणि पेठच्या एका माणसाला,
जो मुळात मेल वाचतच नव्हता.

रात्री मी लॉग चाळायचो.
दोन वाजून सतरा मिनिटं : कुणीतरी कडी वाजवली, सेल्स म्हणून.
दोन वाजून सतरा मिनिटं : कुणीतरी कडी वाजवली, राहुल म्हणून.
राहुल आमच्याकडे कुणीच नाही.

मग मार्चमध्ये एका डीलरला आमच्या नावानं पत्र गेलं.
भाषा आमची, शिक्का आमचा,
बँकेचं खातं भलत्याचं.
एक लाख चाळीस हजार.
जाचक साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं,
बस म्हणाले नाहीत.

"बोगदा खणावा लागेल," मी म्हणालो.
त्यांनी खिडकीतून पांडवलेण्याचा डोंगर बघितला.
"खर्च?"
"खर्च काही नाही. माझे तीन रविवार."
तेव्हा बस म्हणाले.

तिसरा रविवार सुरगाण्याचा.
तिथे देवकी भोये एकटी सांभाळते सगळं :
कपाटभर सील, वॉशर, एक लॅपटॉप
आणि एक मोबाईल, जो दुपार कलली की
गुजरातमध्ये आपलं स्वागत करतो,
ती खुर्चीवरून उठलेली नसताना.
पेनड्राइव्ह सकाळच्या एसटीनं पुढे गेला होता,
परवलीचा शब्द मात्र माझ्या तोंडात.
तो मी फोनवर सांगितला, हळू,
जसं कुणाच्या घरातलं दुखणं सांगावं.

"सर, हे विचारतंय, समोरच्यावर विश्वास आहे का. हो दाबू?"
"थांब. तिथेच सगळे फसतात.
खाली एक अंगठा दिसेल, तो वाच."
"अंगठा?"
"ठसा गं. आपल्या सर्व्हरचा."
ती हसली. "एवढं शिकलेलं मशीन,
आणि सही येत नाही?"

बत्तीस जोड्या. अक्षरं, आकडे.
लाइन अशी खरखरत होती की बी आणि डी सख्खे भाऊ.
मग तिनंच तोड काढली.
"बी, बागलाणचा. सात. डी, दिंडोरीचा. चार.
सी, चांदवडचा. शून्य. ई, इगतपुरीचा."
इगतपुरी आय-ची, पण ठशात आय येतच नाही,
चालून गेलं.
एफला तालुका सापडेना. जरा थांबली.
"एफ, फॉरेस्टचा," म्हणाली,
आणि पुढे अख्खा जिल्हा तिनं मला
उलटसुलट ऐकवला,
मी इकडे कागदावर एकेका जोडीवर टिंब देत.

एकोणिसाव्या जोडीला दिंडोरी आली.
माझ्या कागदावर बागलाण.
पंखा फिरत होता एवढंच ऐकू आलं.
मध्ये कोण बसलंय? कुठल्या वळणावर?
"देवकी, पुन्हा वाच."
"बागलाण, सर. बागलाणच. डोळे शिणले."

शेवटची जोडी. शेवटचं टिंब.
"जुळला," मी म्हणालो.
ती गप्प. मग म्हणाली,
"आईचा जुळत नाही हो. रेशनच्या मशीनवर.
आवणी करकरून रेषाच गेल्यात.
मागल्या महिन्यात चारदा ठेवला,
दुकानदार म्हणे, ही तू नाहीच."

मला काही सुचलं नाही.
म्हणालो, "आता हो दाब."

त्या रात्री दोन वाजून सतरा मिनिटांनी
राहुल येऊन गेला असणार.
दार आहे अजून,
पण अनोळखी कडीला ते आता ओ देत नाही,
म्हणून लॉगमध्ये त्याचं नावसुद्धा नाही.
मला उगीच चुकल्यासारखं झालं.

बोगद्यातून आलेला सुरगाण्याचा पहिला मेल असा :
शाफ्ट सील, पंचवीस नग.
अर्धा इंची वॉशर, एक पाकीट.
माझा मार्चचा पगार.

तिसरी ओळ मी जाचक साहेबांना पुढे धाडली,
पूर्ण कुलूपबंद,
वाटेत कुणी वाचू नये म्हणून.
त्यांनीही अजून वाचलेली नाही.