छप्पर वरच असणार

वैजूनं निंगबोत घर बदललं त्याच आठवड्यात
आम्हीही वडगाव सोडलं.
माग आधीच भंगारात गेला होता,
त्याची जागा तेवढी फरशीवर उरली, तेलकट, चौकोनी.
मी तिच्याकडं बघत उभी राहिले
तर टेम्पोवाला म्हणाला,
"चला वहिनी, ते काय उचलून येत न्हाई."

रामतीर्थनगर. हायवेच्या पल्याड.
शेजारच्या गंगव्वा होसमनींनी विचारलं, याव ऊरु?
म्हटलं, वडगाव.
"अय्यय्यो, लांबून आलात की!"
अर्धं कानडीत, अर्धं आमच्यात.
पाणी कुठल्या वारी येतं ते सांगितलं
आणि माझी रिकामी घागर स्वतःच्या नळाखाली लावली.

रात्री फोन.
"काय करूलालास?"
"डबे लावूलालो."
वैजूनं खिडकीतनं दाखवलं:
सतरा मजले खाली एक कालवा,
काठावर लसूण सोलत बसलेली म्हातारी,
रोज त्याला काहीतरी विचारते,
हा रोज मान हलवतो.
नव्या घरी गेलं की चोवीस तासांत
पोलीस ठाण्यात नोंद करायची असते तिथं.
पोलीस मोबाईलमध्ये बोलला,
मोबाईल इंग्रजीत म्हणाला,
तुम्ही किती दिवसांचे पाहुणे?
"मग काय सांगितलास?"
"व्हॉल्व्हचं कास्टिंग तपासायला माणूस लागेल तोवर की गं."
हसला, आणि कॅमेरा पटकन कुकरकडं वळवला.

माझीही नोंद झाली, रेशन कार्डावर.
कानडी बोलते मी, बाजारापुरती, भांडणापुरती,
दवाखान्यात कुठं दुखतं ते सांगण्यापुरती.
वाचता येत नाही.
पाट्यांवरनं दगड पडले त्या वर्षी
बाबा दोन रात्री घरी आले नव्हते,
त्यानंतर आमच्या घरात ती अक्षरं
कुणी शिकली नाहीत, कुणी शिकवली नाहीत.
खिडकीतल्या माणसानं कागद सरकवला,
"नाव बरोबर आहे का बघा."
बघितलं. गोल गोल, जिलेबीच्या घाण्यासारखं.
पोरीनं बोट ठेवून वाचलं: सुलभा.
मी म्हटलं, हो, बरोबर आहे.

डाळ निवडताना गंगव्वांना हे सांगितलं.
"आमचे मालकही त्याच वर्षी," त्या म्हणाल्या,
"डोक्याला चार टाके. पलीकडच्या बाजूनं होते."
कुठली बाजू पलीकडची, मी विचारलं नाही.
त्यांनी एक खडा बाजूला टाकला.

मग वैजूला खोका पाठवायचा ठरला.
कुंदा, मेतकूट, आईची जुनी किसणी,
गंगव्वांनी आगाऊपणानं कोंबलेली शेंगाचटणी.
पत्ता त्यानं मोबाईलवर धाडला, चिनीत,
तो कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडनं छापून घेतला.
कॅम्पातल्या कुरियरवाल्यानं कागद एकदा असा धरला,
एकदा तसा.
"बाई, ह्यातली वरची बाजू कंची?"

वैजूला फोन लावला. उचलला नाही,
तिकडं रात्र झाली होती.
मागं रांग. कुणीतरी खोकलं.
मी तो कागद टेबलावर फिरवला,
पुन्हा फिरवला,
आणि एका ठिकाणी थांबले:
एका अक्षराच्या डोक्यावर
कौलारू घराच्या पाख्यासारखं काहीतरी होतं,
उतरतं, मधोमध टिंब, धुराड्यासारखं.
म्हटलं, असं लावा.
छप्पर आहे. छप्पर वरच असणार.

त्यानं चिकटपट्टी ओढली.
पेन मागून मी खोक्यावर मराठीत लिहिलं,
ही बाजू वर.
पोरीनं खाली तेच कानडीत लिहिलं.
वाटेत ते कुणाला वाचता येणार होतं, कोण जाणे.

परतताना रिक्षावाल्यानं विचारलं, कुठं?
तोंडातनं निघून गेलं, वडगाव.
पोरीनं माझ्याकडं बघितलं.
रिक्षा गोगटे सर्कलपर्यंत गेली
तरी आम्ही दोघी काही बोललो नाही.